रंगवलेली पुली

आमच्या घरात थोरली अशी दोघंच. एक सासूबाई आणि दुसरा सासऱ्यांच्या वेळचा ट्रॅक्टर. पैकी सासूबाईंना आंघोळ स्वतःची स्वतः करावी लागते.

ट्रॅक्टरच्या तोंडाशी, पोटाशी गाठोडं धरून बसावं तसा, जनरेटर बसवलेला आहे. इंजिनाच्या बाजूची मोठी पुली फिरली की तिच्यावरचा रुंद पट्टा फिरतो, पट्टा जनरेटर फिरवतो आणि वीज तयार होते. सासरे तो बांधावर उभा करून वेल्डिंग करायचे, पाण्याची मोटर चालवायचे. रंग म्हणाल तर तेलाच्या डागांमधून जेवढा दिसेल तेवढाच.

सासऱ्यांच्या मागे तो आमच्या ह्यांच्याकडे आला आणि त्याचं नशीब फळफळलं. जुन्या ट्रॅक्टरवाल्यांचं एक मंडळ आहे, त्यात हे शिरले. मंडळात जनरेटरवाल्या ट्रॅक्टरांना वेगळा मान. दरवर्षी एकाच्या अंगणात सगळे जमतात, पाहणी होते, गुण पडतात, पहिल्याला पितळी ढाल. यंदा अंगण आमचं होतं. त्यामुळे वर्षभर आमच्याकडे पोरीचं लग्न असल्यासारखी रंगरंगोटी चालली होती, फक्त भिंती सोडून.

माझा जीव मात्र मागच्या खोलीतल्या लाकडी कपाटात. त्यात बल्ब, छोटा पंखा, पाण्याची ताटली आणि उबवायला ठेवलेली माझ्या कोंबड्यांची अंडी. मागच्या खेपेला ऐन वेळी लाईट गेली, मी ट्रॅक्टर चालू करा म्हटलं, तेव्हा हे म्हणाले होते, "अगं, रंग ओला आहे, हात लागला तर ठसे उमटतील." अंडी गार पडली. मी ती परसात पुरली आणि ह्यांना एका शब्दानं बोलले नाही. ते त्यांना फार लागलं असावं, कारण पुढचे कितीतरी दिवस त्यांनी भाजीला नावं ठेवली नाहीत.

तर मंडळ यायच्या दिवशीच सकाळी अंड्यांना आतून टोचे पडले. कान लावला तर बारीक चिवचिव. तिकडे अंगणात एकेक म्हातारा ट्रॅक्टर ट्रकमधून पालखीत बसल्यासारखा उतरत होता. स्वतःच्या चाकांवर एकही आला नाही. टायरला माती लागते म्हणे.

आणि लाईट गेली.

मी कपाटावर गोधडी टाकली आणि बाहेर आले. सूर्य डोक्यावर, अंगणभर वीज करणारी यंत्रं आणि त्यांच्यामध्ये उभी राहून मी वीज मागत होते.

"अहो, पिल्लं निघायला लागलीत. एखादा चालू करा ना."

सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी शोकेसमधल्या बशीत चहा मागितला.

"वहिनी, माझा पट्टा मूळचा आहे," एक जण म्हणाला. "तो फिरवायचा नसतो."

दुसऱ्यानं डिझेल काढून टाकलं होतं, वास येतो म्हणून. तिसऱ्याच्या जनरेटरच्या पोटात तांब्याची तारच नव्हती. "पण आवरण बघा ना," तो म्हणाला, "आवरण अस्सल आहे."

मंडळाचे अध्यक्ष पांढरे हातमोजे घालून आमच्या ट्रॅक्टरभोवती फिरत होते. सगळे त्यांना माघारी 'पॉलिशदादा' म्हणतात. ते मला समजावणीच्या सुरात म्हणाले, "ताई, पाहणी होईपर्यंत थांबा. धुराड्याला काजळी धरली तर गुण जातात."

"पिल्लांना सांगून येऊ का, पाहणी चालू आहे म्हणून?"

ओट्यावरून सासूबाई म्हणाल्या, "अरे, तुझा बाप ह्याच्यावर अख्खं शेत चालवायचा. तुझ्याच्यानं एक बल्ब लागेना?"

ह्यांनी ओट्यावर मांडलेल्या ढालीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी काहीच बोलले नाही. मागच्या वेळेसारखीच.

"हँडल कुठंय?" हे म्हणाले.

हँडल मारलं. ट्रॅक्टर खोकला, शिंकला आणि धुराड्यातून निघालेला पहिला काळा लोट नेमका पांढऱ्या हातमोज्यांवर बसला. मी आत वायर जोडून आले. पुली गरागरा फिरत होती. पट्टा मात्र जागच्या जागी थरथरत होता आणि जळक्या रंगाचा वास सुटला होता.

ह्यांचा चेहरा पडला. मला कळेना. मग दिसलं. वर्षभराच्या मायेत ह्यांनी पुलीसुद्धा रंगवली होती. नुसती बाजू नाही, पट्टा बसतो ती गादीसुद्धा. लाल ऑइलपेंट, हातावर हात, आरशासारखा. त्या आरशावरून पट्टा घसरत होता.

ह्यांनी इंजिन बंद केलं, पट्टा उतरवला आणि कानस घेऊन पुलीपुढे गुडघे टेकले.

"अहो, काय करताय!" पॉलिशदादा ओरडले. "तो रंग पुन्हा मिळायचा नाही!"

"मिळू नये," हे म्हणाले आणि खरवडायला लागले.

लाल भुगा ह्यांच्या चांगल्या शर्टावर, मिशीवर, माझ्या पायांवर. मीही सँडपेपर घेऊन बसले. आमची डोकी एकमेकांवर आपटली, लग्नानंतर पहिल्यांदाच असेल. खालून जुनं लोखंड निघालं, सासऱ्यांच्या कामानं झिजून गुळगुळीत झालेलं, पण पट्टा धरणारं.

पुन्हा हँडल. ह्या वेळी पट्टा फिरला, जनरेटर घुमायला लागला. ह्यांनी मीटरकडे पाहिलं. तो इतका घासला होता की काटा होता, आकडे नव्हते.

"बल्ब बघ आणि सांग!" हे ओरडले.

मी खोलीच्या दारातून ओरडत होते. "मंद आहे, रेस वाढवा! अजून! पुरे, पुरे, कमी करा, जाईल बल्ब!... आता धरून ठेवा. हलू नका."

हे हलले नाहीत. काजळलेल्या तोंडानं, रेसच्या दांड्यावर हात ठेवून, तिथंच उभे. कपाटात ऊब चढली. एक अंडं मधोमध उकललं आणि ओलं, चिडलेलं, माझ्या चुलत सासऱ्यांसारखं दिसणारं पिल्लू बाहेर आलं. मग दुसरं. काही अंडी तशीच राहिली, खोटं कशाला सांगू. पण बरीच फुटली.

ढाल अस्सल आवरणवाल्याला गेली. ती देताना फोटो काढायला गेले तर पॉलिशदादांचा फोन बंद पडलेला. ते खोलीच्या दारात आले, काळे हातमोजे खिशात कोंबत.

"ताई, एखादा पॉइंट मोकळा असेल तर... जरा चार्जिंगला?"

त्यांच्या मागे बाकीचे, हातात आपापल्या वायरी घेऊन, ओळीनं उभे होते.

मी ओळीवरून बाहेर पाहिलं. ह्यांचा हात अजून दांड्यावरच होता. "किती निघाली गं?" त्यांनी इंजिनावर आवाज चढवून विचारलं.

"निघतायत अजून," मी ओरडले, आणि पॉलिशदादांना म्हटलं, "पाहणी होईपर्यंत थांबा."