माडीवरची माती

बायनाबाईनं एखादी गोष्ट मनात घेतली की गल्लीतली माणसं आपली कामं आटपून बघायला येऊन उभी राहत. या वेळी तिनं माडी बांधायचं मनात घेतलं होतं, आणि आडवी आली होती बल्दिया, म्हणजे परभणीची नगरपालिका.

माडी हवी होती सुमनसाठी. सुमन तिची लेक. पोखर्णी गावच्या तिच्या नवऱ्यानं दुसरी बायको आणली, तशी ती एक गाठोडं घेऊन माहेरी आली होती. घरात खोल्या दोन, आणि त्यांत मुलगा चंद्रभान, त्याची बायको, चार लेकरं आणि स्वतः बायनाबाई. सुमन ओसरीत ज्वारीच्या पोत्यांशेजारी निजायची. चंद्रभान काही वाईट नव्हता, पण दाटीत माणसाला रक्ताच्या नात्याचाही उबग येतो.

"जागा कुठं हाय, माय?" तो म्हणाला. "पावसाच्या आत तिला पोखर्णीला घालून येतो."

"सवतीच्या हाताखाली?"

"मग ठिवू कुठं, तूच सांग."

बायनाबाईनं बोट वर केलं.

बल्दियाचा कायदा मात्र सरळ होता. प्लेगनं गाव धुऊन नेल्यावर तो आला होता. गल्ली जितके हात रुंद, तितकेच हात घर उंच. घरांच्या गर्दीत वारा खेळावा, ऊन उतरावं, एवढंच त्याचं म्हणणं. यांची गल्ली आठ हातांची आणि खालचं घरच पाच हातांचं. उरले तीन हात. तेवढ्यात कोंबड्या सुखानं राहतील.

"कायदा कोण पाळायलाय?" चंद्रभान म्हणाला. "रातोरात भिंती उचलू. मग बघू काय करतेत."

बायनाबाईनं समोरच्या घराकडं पाहिलं. तिथं विष्णुपंत राहत, बल्दियाच्या कचेरीतले कारकून. प्लेगात त्यांची दोन लेकरं एका आठवड्यात गेली होती.

"त्या माणसाच्या खिडकीतला वारा मी बंद करू व्हय?" ती म्हणाली. "माडी बांधीन, पर कायद्यानं बांधीन."

आणि ती तशीच उठून विष्णुपंतांकडं गेली. गल्ली मोजतात कुठून कुठवर, एवढंच तिनं विचारलं.

विष्णुपंत जरा घुटमळले. "ओट्यापासून ओट्यापर्यंत, बायनाबाई. खरं सांगायचं तर तुमचा ओटा दोन हात गल्लीत आलाय. तो नसता तर गल्ली दहा हातांची झाली असती."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायनाबाई पदर खोचून पहार घेऊन उभी. ओटा तिच्या नवऱ्यानं बांधलेला. त्याचं अर्धं आयुष्य त्या ओट्यावर चिलीम ओढण्यात गेलं, आणि उरलेलं अर्धं कुठं गेलं ते तिनं कधी विचारलं नव्हतं. पहिला दगड निखळला तेव्हा तिला भडभडून आलं. तिनं डोळे पुसले आणि दुसऱ्या दगडाला पहार लावली. दुपारी चंद्रभानही मुकाट्यानं येऊन दगड उचलू लागला.

बल्दियाची परवानगी मिळाली. सटवाजी गवंड्यानं भिंती चढवल्या, तुळया टाकल्या, वर फळ्या अंथरल्या आणि दोरी सोडून मोजलं. बरोबर दहा हात. मग रीतीप्रमाणं फळ्यांवर हातभर पांढरी माती पडली. मातीच्या धाब्याशिवाय, म्हणजे अशा सपाट छताशिवाय, इकडं घर म्हणजे घर नव्हेच. सुमननं स्वतः पाट्या वाहिल्या, आणि कितीतरी दिवसांनी ती हसताना दिसली.

मोजायला बल्दियाचा दारोगा आला आणि थेट मातीवर चढला. त्यानं फीत खाली सोडली. "अकरा हात."

"साहेब, फळ्यांपासून मोजा की," सटवाजी म्हणाला. "माती कोण मोजतंय? ती पाऊस आत येऊ नये म्हणून असती."

त्यात सटवाजीचीही चूक नव्हती. परभणीत घराची उंची विचारली तर माणूस फळ्यांपर्यंतचे हात सांगे, आणि वरची माती हिशेबात धरायची हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

दारोगा माणूस नरम होता, पण बधला नाही. "बाई, वारा मातीनंसुद्धा अडतो. हातभर खाली घ्या, नाहीतर माडी उतरवावी लागेल. पावसाच्या आत."

चंद्रभान बैलगाडीकडं वळला. "संपलं, माय. आता लोकं हसतील. मी पोखर्णीला गाडी जुंपतो."

"बैलाला हात लावू नको," बायनाबाई म्हणाली. "सटवाजी, माती उतरव. तुळया काढ. भिंत हातभर खाली घे."

"अवो बाई, मग आत उभं राहता यायचं न्हाई. तुळई डोक्याला लागंल."

"लागू दे."

पुन्हा माती उतरली, भिंती खाली आल्या, तुळया बसल्या, माती चढली. तोवर आभाळ भरून येऊ लागलं होतं, आणि बायनाबाईच्या तळहातांची सालं निघाली होती. दारोग्यानं पुन्हा फीत सोडली, दहा हात म्हणाला आणि निघून गेला.

सुमन गाठोडं घेऊन वर गेली. तुळईखाली तिला मान घालूनच चालावं लागत होतं. ती कोपऱ्यापर्यंत गेली, परत आली.

"माय, हितं जन्मभर वाकूनच ऱ्हावं लागंल."

बायनाबाई जिन्यात दम खात उभी होती. "वाक की," ती म्हणाली. "तुळईपुढं वाक. माणसापुढं वाकायचं संपलं."

सुमननं गाठोड्याची गाठ सोडली.