कौशल्य नाही

ऑफिसात तिला सगळे वाटपबाई म्हणायचे, आणि एके काळी ते खरंही होतं. भिंतीवर एक फळी होती, फळीवर एकोणीस खिळे, आणि प्रत्येक खिळ्याखाली एका मेकॅनिकचं नाव. एखाद्या रुग्णालयाची थंड खोली बंद पडली, कुठल्या बेकरीचं फ्रीजर गळायला लागलं, की बाई चिठ्ठी लिहून खिळ्याला टोचायची. कोणाला कोणतं काम जमतं हे तिला तोंडपाठ होतं. कोण नुसता जमतंय म्हणतो, हेही.

मग सिस्टीम आली. फळी उतरली, खिळ्यांची भोकं तेवढी भिंतीत राहिली. आता काम आलं की त्याला कोणतं कौशल्य लागतं, ते कोणाच्या नावावर आहे, त्यातला जवळ कोण, हे सिस्टीम डोळ्याचं पातं लवेपर्यंत ठरवायची आणि मोबाइलवर हुकूम सोडायची. बाईकडे उरली ती अडलेली कामं, म्हणजे जी सिस्टीमला कोणाच्याच गळ्यात बांधता येत नाहीत ती. महिन्याला दोन-तीन. म्हातारीला शेंगा सोलायला बसवावं तशी तिला कोपऱ्यात बसवली होती.

सिस्टीम भेदभाव करत नाही, असं साहेब उठता-बसता सांगायचे. दगडही करत नाही. म्हणून कोणी दगडाला पंच नेमत नाही.

ही सिस्टीम दर महिन्याला सगळ्या मेकॅनिकांची यादी लावायची, आणि यादीतले शेवटचे दोघे कामावरून कमी होऊन त्यांच्या जागी नवे दोघे यायचे. या महिन्याचे अठरा दिवस उरले होते, आणि आजवर कसेबसे वाचलेले वैद्यबुवा या खेपेला सगळ्यात तळाला होते.

बाईला हेच कोडं पडलं होतं. वैद्यबुवा म्हणजे तीस वर्षं कॉम्प्रेसरच्या छातीवर लांब स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावणारा माणूस. नाव त्यावरूनच पडलेलं. पण सिस्टीमने पहिल्या दिवशी प्रमाणपत्रं मागितली, आणि बुवांकडे एकही नव्हतं. ते फॉर्म बाईनेच भरले होते. ‘बिघाडाचं निदान’ या रकान्यात पुरावा जोडल्याशिवाय पुढे जाताच येईना, तेव्हा तिने तो कोरा सोडला आणि ‘जाळ्या साफ करणे, दाराचं रबर बदलणे’ एवढंच लिहिलं. तेव्हापासून बुवा जाळ्या साफ करत हिंडत होते. बरं, पंचवीस मिनिटांच्या त्या कामालाही त्यांना पन्नास मिनिटं लागायची. त्याचंच कोडं होतं. हात थकले म्हणावं, तर परवाच त्यांनी बाईचं अडकलेलं कपाट चहा थंड व्हायच्या आत उघडून दिलं होतं.

यादीच्या शेंड्याला होता त्यांचा जावई. सगळं ऑफिस त्याला जावईबापूच म्हणायचं. प्रमाणपत्रांची ही थप्पी, आणि अवघड निदानात सत्त्याण्णव टक्के. एकाच घराण्यातली दोन माणसं, एक शेंड्याला, एक बुडाशी. गमतीने कोणी म्हणायचं, बुवांनी मुलीबरोबर अक्कलही देऊन टाकली. बुवा हसायचे. बाईला ते हसणं खटकायचं, कारण त्यात दुखणं दिसत नव्हतं.

प्रत्येक मेकॅनिकचा दिवस सिस्टीम एका लांब पट्टीवर छापायची. कामाच्या दर पायरीला मोबाइलवर बोट लावावं लागे. दहा मिनिटं बोट लागलं नाही की पट्टी तिथे पांढरी पडे. बाईने बुवांच्या पट्ट्या काढल्या. काळ्या पट्टीत पांढरी भगदाडं. कधी सकाळी, कधी जेवणाआधी, कशाला कशाचा धरबंध नाही. मग चांगल्या माणसाची पट्टी कशी दिसते बघू, म्हणून तिने जावयाचीही काढली. त्याच्याही पट्टीत भगदाडं होती. थोडी, पण होती.

तिने मंगळवारचे दोन्ही कागद एकावर एक धरून खिडकीच्या काचेला लावले. उजेड दोन्हींतून एकाच जागी आरपार आला. गुरुवारचे लावले, तिथेही तसंच. दोघं मिळून चहा पितात म्हणावं, तर एक गावाच्या या टोकाला, दुसरा त्या.

दुसऱ्या दिवशी ग्राहकाची तक्रार आहे असं खोटंच सांगून ती बुवांच्या मागोमाग एका बेकरीत पोचली. बुवा उपड्या क्रेटवर बसून जाळीतलं पीठ ब्रशने झाडत होते. थोड्याच वेळात फोन वाजला. बुवांनी तिच्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, आणि ब्रश खाली ठेवला. पलीकडून कोणी बोललंच नाही. नुसती खडखड ऐकू येत होती, कोणीतरी फोन थेट मशीनला टेकवला होता. बुवांनी डोळे मिटले. पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवयांमुळे ते एखाद्या पुतळ्यासारखे दिसत होते.

“जरा खालच्या अंगाला धरता का,” बुवा म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, “कॉम्प्रेसरला काही झालेलं नाही. आत गॅस पातळच येतोय, म्हणून तो खोकतोय. खोलीतला पंखा बघा, बर्फाने धरला असेल.”

थोड्या वेळाने पलीकडून आवाज आला, धरलाय, मामा.

“मग बर्फ उतरवा, आणि हा बर्फ का चढला ते शोधा. नुसता उतरवून निघू नका.”

इतर मेकॅनिकांना बुवा सरळ अरे-तुरे करत. चोरून शिकवणी घेणाऱ्या जावयाला मात्र अहो-जाहो चालली होती. बाईला हसू आलं, आणि लगेच रागही आला. तिने विचारलं, हे कधीपासून? बुवा म्हणाले, सिस्टीम आल्यापासून. तो पोरगा वाईट नाही, हात चांगला आहे, पण कान तयार व्हायला वेळ लागतो, आणि वेळ तर सिस्टीम देत नाही.

“महिनाअखेरीला तुम्हाला काढतील, बुवा.”

“काढू देत. माझी लेक चारचौघींत सांगते, आमचे हे एक नंबर आहेत. मी बाप आहे तिचा, बाई. मी जाऊन तो नंबर पुसू?” त्यांनी ब्रश उचलला. “आणि तुम्हीही पुसायचा नाही.”

परतीच्या वाटेवर बाई मनात सगळ्यांना शिव्या घालत होती. सिस्टीमला, साहेबांना, आणि सगळ्यात जास्त त्या कोऱ्या रकान्याला. काम कोण करतं हे सिस्टीम बघतच नव्हती. काम झाल्यावर बोट कोण लावतं तेवढंच बघत होती. एकाच्या कानाचं पुण्य दुसऱ्याच्या बोटाला चिकटत होतं, आणि त्या पुण्यापायी जाणारा वेळ तेवढा पहिल्याच्या माथी.

नंबर पुसायचा नाही असं बुवा म्हणाले होते. ज्याचा नंबर आहे त्याला दाखवायचा नाही, असं म्हणाले नव्हते. दुसऱ्या दिवशी बाईने जावयाला खिडकीपाशी बोलावलं आणि दोन कागद काचेला लावले. त्याने एका भगदाडावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर. मामा तळाला आहेत हे त्याला माहीत होतं. का आहेत, हे मात्र त्याने स्वतःला कधी विचारलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला वेळ लागणारच, असं समजून चालला होता बिचारा. सोयीचं समजणं माणसाला फार लवकर जमतं.

मग त्याने विचारलं, माझे टक्के किती पडतील? बाईने खरं ते सांगितलं: बरेच. तो मोबाइल खिशात टाकून निघून गेला. गेला तो गेलाच, बाईला वाटलं.

काम नाकारायचं असेल तर मोबाइलवर चार कारणं यायची. गाडी बंद. ग्राहक जागेवर नाही. सुटा भाग नाही. आणि चौथं, कौशल्य नाही. सिस्टीम आल्यापासून पहिली तीन कारणं झिजेपर्यंत दाबली गेली होती. चौथं कोणीच दाबलं नव्हतं. येत नाही असं स्वतःच्या बोटाने कोण सांगेल?

सोमवारी सकाळी एका रुग्णालयाच्या लसींच्या खोलीचं काम आलं आणि सिस्टीमने ते नेहमीप्रमाणे जावयाला दिलं. दहाव्या मिनिटाला ते परत आलं: कौशल्य नाही. सिस्टीमने दुसऱ्याकडे पाहिलं, तिसऱ्याकडे पाहिलं, त्या निदानाला लायक मोकळा माणूस मिळेना, आणि काम अडलं. अडलेलं काम बाईच्या पडद्यावर आलं. तिथे कौशल्याचा रकाना सिस्टीम विचारत नाही. बाईने वैद्यबुवांचं नाव टाकलं. जुन्या फळीवर चिठ्ठी टोचावी तसं बटण दाबलं.

आठवडाभरात जावयाने सात वेळा ते बटण दाबलं. सातही कामं बुवांनी केली. साहेब तणतणत आले. एक नंबरच्या माणसाला अचानक काय झालं? जावई समोरच उभा होता.

“मला कधीच येत नव्हतं, साहेब,” तो म्हणाला. “मी फोन करायचो. ज्यांना येतं, त्यांना तुम्ही जाळ्या साफ करायला पाठवता.”

साहेबांनी पुरावा मागितला. आता पुरावा सिस्टीमनेच छापला होता. सात निदानं, सातही पहिल्या फेरीत, आणि एकही भगदाड नाही. साहेबांना माणसाचं खोटं वाटलं असतं, सिस्टीमचं वाटेना. कोरा रकाना त्याच दुपारी भरला गेला.

बुवा मात्र बाईशी तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी येऊन त्यांनी तिच्या टेबलावर हात आपटला. माझ्या लेकीला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीत, म्हणाले. मग खुर्ची ओढून बसले. लेक काय म्हणाली, बाईने विचारलं.

“नवऱ्याशी नाही भांडली. मला म्हणाली, बाबा, फोनवर का शिकवलंत, शेजारी उभं करून का नाही?” बुवांनी कान चोळला. “उद्यापासून तो माझ्या गाडीवर मागे बसणार आहे. सिस्टीमला काय सांगायचं ते तुम्ही बघा.”

महिनाअखेरीला यादी लागली. वैद्यबुवा सहावे, जावई अकरावा. ऑफिसातल्यांनी बाईची पाठ थोपटली. साहेबसुद्धा हसले. सगळं कसं गोड झालं.

पण यादी शेवटी यादीच. तिला तळ असतोच, आणि तळाला दोन माणसं असतातच. या वेळी तिथे रंगारी म्हणून ओळखला जाणारा एक अबोल मेकॅनिक होता, आणि पाइप जोडणारी एक बाई. साहेबांची सही संध्याकाळी व्हायची होती.

वाटपबाईने घड्याळ पाहिलं. तीन तास होते. तिने त्या दोघांच्या महिन्याभराच्या पट्ट्या काढल्या, बाकी सतराजणांच्याही काढल्या, आणि पहिले दोन कागद घेऊन खिडकीपाशी गेली.