गांडुळांची वाटणी

मिस्त्र्यानं दोरी ताणली आणि ती नेमकी गांडुळांच्या हौदावरून गेली. दीपमाला मागच्या दारात उभी राहून पाहत होती. दोरीच्या अलीकडचं अंगण आता तिचं, पलीकडचं तिच्या मोठ्या जावेचं, बेबीताईचं. दोघींचे नवरे, सख्खे भाऊ, अंगणाच्या दोन टोकांना उभे होते आणि जे काही बोलायचं ते मिस्त्र्याशीच बोलत होते.

अमरावतीत बडनेरा रोडच्या आतल्या बाजूला, जुन्या वस्तीतलं हे घर. पुढं चार खोल्या, मागं लांबलचक मोकळी जागा. दीपमाला तेल्हाऱ्याहून लग्न होऊन आली तेव्हा मागं गाजरगवताशिवाय काही नव्हतं. काळी जमीन, उन्हाळ्यात अशी फाटायची की भेगेत हात जावा. चांदूर रेल्वेच्या शेतकरी घरातल्या बेबीताईला ते पाहवत नसे, पण एकटीनं हात घालावा असंही तिला कधी वाटलं नाही. मग एका वर्षी दीपमाला अकोल्याला कृषी विद्यापीठातल्या शिबिराला गेली आणि येताना ओल्या गोणपाटात गांडुळं गुंडाळून घेऊन आली. बेबीताईनं ती पाहिली आणि पदर नाकाला लावला. हे असलं मले घरात नाई पायजे, सांगून ठेवतो, असं तिनं ठणकावलं.

पंधरवडा गेला नसेल, हौदाजवळ बसलेली सापडायची ती बेबीताईच. विटांचा बुटका हौद दोघींनी मिळून बांधला. खाली तुराट्या, वर सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, मग निवालेलं शेण. ताजं शेण गरम असतं, त्यानं गांडुळं मरतात, हे दीपमाला शिबिरात शिकून आली होती. पण शेण निवालं की नाही हे हात घालून ओळखायची ती बेबीताई. भाजीची देठं, केळीची सालं, शेजारपाजारच्यांचा पालापाचोळा, सगळं त्या हौदात जायचं. कडुनिंबाचा पाला कुणी पेटवायला लागलं तर बेबीताई रस्त्यावर जाऊन तो टोपलीत भरून आणायची.

हौदातल्या खतावर अंगण उभं राहिलं. बेबीताईच्या न्हाणीचं पाणी उतारानं वाहत दीपमालाच्या बाजूच्या खड्ड्यात यायचं, त्या खड्ड्याभोवती केळी. केळीच्या सावलीत अळू आणि हळद, शेवग्यावर चढलेला वाल, कडेनं झेंडू. एकाचं उरलेलं दुसऱ्याला. जमीन कधी उघडी ठेवायची नाही, हा दोघींचा नेम. पाचोळ्यानं ती अशी झाकलेली असायची की भर मे महिन्यातही खाली ओल लागायची. संध्याकाळी दोघी तिथंच बसून भाजी निवडायच्या. दीपमालाचा मुलगा शिकायला नागपूरला गेला, बेबीताईची अपेक्षा लग्न होऊन अकोल्याला गेली, तेव्हा त्या दोघींनी एकमेकींच्या रिकाम्या घराचं दुःख तिथंच बसून काढलं.

भांडण पुरुषांचं झालं. दीपमालाचा नवरा मनोज पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग करायचा. त्याला दुकान रस्त्याकडच्या खोलीत आणायचं होतं. थोरले श्यामराव, निवृत्त मास्तर, म्हणाले पुढची खोली मोठ्याची. एका साखरपुड्याच्या पंगतीत, चारचौघांत, म्हाताऱ्या आईचं कुणी केलं आणि कुणी नाही यावर गोष्ट गेली, आणि मग ती परत आलीच नाही. वाटणी ठरली. पुढच्या खोल्या वाटल्या, गच्ची वाटली, आणि मागं भिंत घालायचं ठरलं.

मिस्त्री पाया खणायला लागण्याआधी बेबीताई दोन घमेली घेऊन बाहेर आली. श्यामरावांनी काहीतरी म्हटलं, पण तिनं तिकडं पाहिलं नाही. दोघींनी हौदातलं सगळं प्लास्टिकवर उन्हात पसरलं. उजेड लागला की गांडुळं खाली खाली जातात. वरचं खत दोघी हातानं बाजूला करत गेल्या आणि शेवटी तळाला लालसर, वळवळणारा एकच गोळा उरला. बेबीताईनं ओंजळीनं वाटायला सुरुवात केली. एक तुही, एक माही. आपल्या घमेल्यात टाकायची ओंजळ ती जरा कमीच भरत होती हे दीपमालाला दिसत होतं.

घमेली भरल्यावर बेबीताई हात पुसत हळूच म्हणाली, "आता मी तुह्यासंगं बोलनार नाई, दीपा. राग धरू नको. मले त्या मानसासंगं दिवस काढा लागतेत."

दीपमालानं आपलं घमेलं उचललं. तिनं मान हलवली.

भिंत डोक्याच्या वर गेली आणि तिच्या दोन्ही अंगांना दोघींनी आपापला हौद मांडला. बेबीताईनं मिस्त्र्याला सांगून बुडाशी पाणी जायला एक भोक ठेवून घेतलं होतं. श्यामरावांना ते दिसलं आणि त्यांनी सिमेंटनं बुजवून टाकलं. न्हाणीचं पाणी पलीकडंच मुरायला लागलं. इकडं केळीची पानं कडेनं वाळत आली. दीपमालानं बादल्या ओतल्या, पण बादलीचं पाणी वाहत्या पाण्यासारखं कधी होत नाही.

आता दोघींची ओळख आवाजावर राहिली. सकाळी पलीकडं मगानं पाणी शिंपडल्याचा आवाज. मग गोणपाट झटकल्याचा. कधी बेबीताई मुंग्यांना शिव्या द्यायची, तेव्हा दीपमालाला भिंतीअलीकडं हसू यायचं. आपल्या हौदावर पाणी मारताना तीही मुद्दाम मग जोरात आपटायची. तेवढंच बोलणं.

मे महिना लागला आणि पलीकडचा आवाज बंद झाला.

आधी तिला वाटलं, अपेक्षाकडं गेली असेल. मग समोरच्या गीतांजलीनं सांगितलं, की बेबीताईच्या पोटात गाठ निघाली आहे, अकोल्यालाच दवाखाना चालू आहे, डॉक्टरांनी फारशी आशा ठेवलेली नाही. दीपमालानं त्याच पावली घरात येऊन फोन लावला. रिंग वाजत राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला, तेव्हा वाजता वाजता कुणीतरी कापला. बोलनार नाई, असं ती म्हणालीच होती. दीपमालाला वाटलं, शब्द पाळते आहे.

तिनं मनोजजवळ अकोल्याला जायची गोष्ट काढली.

"बोलावलं का त्याइनं?" मनोज म्हणाला. "मंग? आपन गेलो अन् दारातून परत पाठोलं तं?"

यावर ती भांडू शकली असती. भांडली नाही, कारण तिच्या पोटातही एक गोष्ट सलत होती. इतकी वर्षं हातात हात घालून माती कालवली, आणि मरणाचं दुखणं अंगावर आलं तेव्हा दोन शब्दांचा निरोप नाही. राग असा होता की आत जाऊन बसला आणि तिचे पाय धरून ठेवले. जाऊ, उद्या जाऊ, निरोप आला की जाऊ, असे दिवस गेले.

पलीकडचा हौद मात्र तिच्या डोळ्यांपुढून हलेना. ऊन असं पेटलं होतं की दुपारी कावळाही दिसत नव्हता. अशात पाणी तुटलं तर गांडुळं किती तग धरणार. तिनं जुना ड्रम भिंतीला पालथा लावला, त्यावर चढली आणि बादलीतलं पाणी मगानं पलीकडं फेकायला लागली. हौद कुठं आहे ते तिला ठाऊक होतं, पण भिंतीच्या अगदी कडेचं दिसत होतं, पुढचं शेडनेटखाली झाकलेलं. पाणी कुठवर पोचतं ते कळत नव्हतं. तरी ती रोज सकाळी, मनोज दुकानात गेला की, फेकायची.

अशीच एका सकाळी तिनं पाणी फेकलं आणि ते खालून चाललेल्या श्यामरावांच्या पायांवर पडलं. ते कपडे न्यायला अकोल्याहून आले होते, हातात पिशवी होती. त्यांनी वर पाहिलं. दीपमाला घाईनं पदर सावरत खाली उतरली. इतक्या वर्षांत मोठ्या दिराशी ती समोरासमोर फारसं कधी बोललीच नव्हती.

पलीकडं पिशवी जमिनीवर टेकल्याचं ऐकू आलं. मग त्यांचा आवाज आला.

"दीपमाला, हाय का तिकडं?"

"हाव, दादा."

"तुही ताई तुले बलावते. रोज इचारते, दीपा आली का. मी तिले सांगतलं, फोन केला होता, पन तिचं येनं होत नाई मनते. तिच्यासमोर खोटाच फोन केला मी. तिचा फोन माह्याजवळच हाय."

दीपमालानं भिंतीला हात लावला. ती तापली होती.

"मले वाटलं, बरी होईन," श्यामराव म्हणाले. "बरी झाल्यावर पाहू, असं वाटलं."

तिनं घरात जाऊन हातपाय धुतले, लुगडं बदललं, मनोजला दुकानात फोन करून एवढंच सांगितलं की मी अकोल्याले चालली. बसमध्ये श्यामराव पुढं बसले होते, ती मागं. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा त्यांनी खिडकीतून पाण्याची बाटली घेतली आणि मागं वळून तिच्याकडं सरकवली. तिनं ती घेतली नाही.

दार अपेक्षानं उघडलं. एरवी काकूच्या गळ्यात पडणारी पोरगी बाजूला सरकून उभी राहिली.

"या काकू," ती म्हणाली. "मिळाला वेळ?"

आतल्या खोलीत कॉटवर बेबीताई होती. अंगाचं नुसतं चिपाड झालं होतं, पण डोळे तेच होते. त्या डोळ्यांनी दीपमालाला ओळखलं, थोडा वेळ पाहिलं, आणि मग बेबीताईनं भिंतीकडं तोंड फिरवलं. दीपमाला पायथ्याशी बसली आणि पाय चेपायला लागली.

दिवेलागणीला स्वयंपाकघरात अपेक्षानं तिला गाठलं. "बाबा स्वतः फोन करत होते तुम्हाला, काकू. माझ्या डोळ्यांदेखत. रोज आई विचारायची, आणि बाबांनी 'नाही' म्हटलं की तोंड झाकून पडून राहायची. भांडण काय आईनं केलं होतं?"

स्वयंपाकघराच्या दारातून पुढची खोली दिसत होती. श्यामराव खुर्चीवर बसून जमिनीकडं पाहत होते. त्यांना सगळं ऐकू जात होतं. एक वाक्य बोललं असतं तर दीपमालावरचा सगळा डाग तिथल्या तिथं धुऊन निघाला असता. ते वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं. आणि तिला आठवलं, या माणसासोबत दिवस काढायचे म्हणून बेबीताईनं आपलं बोलणं बंद केलं होतं. आता थोडेच दिवस राहिले होते. त्या दिवसांत तो माणूसही तिच्याकडून काढून घेतला, तर तिच्याजवळ उरेल काय?

"माह्यं चुकलं, बाई," दीपमाला म्हणाली.

अपेक्षानं गॅस बंद केला आणि ती बाहेर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेबीताईला जरा हुशारी होती. दीपमालानं तिचे केस विंचरले. कंगव्यात आले ते केस तिनं पदराखाली मुठीत धरले. बेबीताई छताकडं पाहत बोलली.

"हौदात पानी कोन टाकते?"

"मी टाकतो, ताई."

"तू कशी टाकते?"

"ड्रमावर चढून. भिंतीवरून."

"पडशीन एखांद दिवस." बेबीताईच्या ओठाच्या कडेला हसू आल्यासारखं झालं. मग तिनं दमून डोळे मिटले. दीपमालाला वाटलं, झोप लागली. पण तिनं तसेच डोळे मिटून विचारलं, "भिंतीवरून पानी टाकनं होत होतं, तं मंग इथं येनं काहून नाई झालं व तुह्यानं?"

पुढच्या खोलीत खुर्ची करकरली. दीपमालानं बेबीताईचा पाय हातात घेतला, थंडगार तळवा दोन्ही हातांत धरून चोळत राहिली. बेबीताईनं पाय ओढून घेतला नाही. पण उत्तराची वाट पाहणंही तिनं सोडून दिलं.

त्यानंतर ती उठून बसली नाही. दीपमाला अकोल्यातच राहिली. तिनं अंग पुसलं, चमच्यानं पाणी पाजलं, कूस बदलून दिली. बेबीताई शेवटी शेवटी चांदूरच्या शेताचं काहीबाही बोलायची, सासूला हाक मारायची. दीपाचं नाव त्यात आलं नाही. एका दुपारी, अपेक्षा मोसंबी सोलत असताना, तिचा श्वास थांबला.

तेरवी झाल्यावर श्यामराव अमरावतीला आले आणि त्यांनी आपल्या बाजूचं मागचं फाटक दीपमालासाठी उघडलं. भिंत झाल्यापासून ती पहिल्यांदाच पलीकडं गेली. शेडनेट वर उचललं. हौदाची भिंतीकडची एक पट्टी तेवढी काळसर होती. तिचं पाणी तेवढंच पोचलं होतं. बाकी सगळं वाळून तडकलं होतं. तिनं खाली बसून हातानं उकरलं. दोऱ्यासारखी वाळलेली गांडुळं बोटांत चुरली. ओली पट्टीही तिनं तळापर्यंत उकरली. तिथं मुंग्यांनी घर केलं होतं.

जिवंत एकही नव्हतं. मी टाकतो, असं तिनं सांगितलं होतं, आणि बेबीताई ते खरं मानून गेली.

श्यामराव मागं उभे होते. "तिले तू सांगतलं नाई," ते म्हणाले.

"नाई."

"काहून?"

दीपमाला उठली. हाताची माती झटकली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं त्यांच्याकडं सरळ पाहिलं.

"तुमच्यासाठी नाई, दादा," ती म्हणाली, आणि फाटकातून बाहेर पडली.

पुढं श्यामराव अकोल्याला मुलीजवळ राहायला गेले. घराची ती बाजू भाड्यानं दिली. भाडेकरूंना पाचोळ्यात विंचू-काट्याची भीती वाटली. त्यांनी सगळं साफ करवून फरशी टाकली आणि हौदाच्या जागी मोटारसायकल लावायला लागले. अपेक्षा दिवाळीला आली ती रस्त्यावरूनच परत गेली, काकूच्या घरात शिरली नाही.

एका संध्याकाळी मनोज मागं आला. दीपमाला आपल्या हौदाजवळ बसून भोपळ्याची सालं बारीक करत होती. तो थोडा वेळ घुटमळला. मग म्हणाला, की श्यामदादाशी बोलून भिंतीत एक दार काढता येईल, त्याची आता ना नसावी.

"कोनासाठी?" दीपमालानं विचारलं.

तो तिथंच विटेवर बसला. तिनं सालं हौदात पसरली, वर गोणपाट टाकलं, आणि पाण्याचा मग भरून हळूच, आवाज न करता, शिंपडला.