खिळ्याची कमान

ए कोलेत, तू नुसतं ऐक गं. मधे बोललीस तर मला रडूच येईल.

तुला माहितीये ना, माझा आन्सेल्ममामा कॉलेजात गणित शिकवतो आणि आम्ही तिथंच वरच्या खोल्यांत राहतो. पण ते कायमचं नाहीये! दर तीन वर्षांनी मामानं कॉलेजच्या दारावर गणितं लावायची, आणि ती कुणी सोडवली की खुर्ची त्याची, खोल्या त्याच्या, आम्ही रस्त्यावर! मामाकडे एक युक्ती आहे, तिच्यावरच त्यानं आजवर खुर्ची टिकवलीये. ती तो कागदावरसुद्धा उतरवत नाही. चुलीपुढच्या राखेत काठीनं काढतो आणि पायानं पुसून टाकतो. मी भांडी घासता घासता सगळं बघते, हे त्याच्या गावीही नव्हतं.

तर रविवारी मामाच्या खुर्चीची परीक्षा, आणि बुधवारी रुआँ गावाहून निकेझकाका टपकला. मामाचा लहानपणचा दोस्त. बगलेत सायडरचा, म्हणजे सफरचंदाच्या दारूचा, बुधला, हातात पत्र्याचे तुकडे.

"आन्सेल्म, लेका, सापडलं! चाकाला खिळा मार, चाक रस्त्यावरनं गडगडव. तो खिळा हवेत जी कमान काढतो ना, तिच्या पोटात चाक किती वेळा मावतं? तीन! बरोब्बर तीन!"

मामाचा चमचा सूपमध्येच राहिला. "कसं काढलंस?"

"पत्रा कापला. एकीकडे कमान, एकीकडे तीन चाकं. तराजूचा काटा मधे!"

"तराजू? गणित करतोस की लोणी विकतोस?"

"हस, हस. उद्या विद्वानांच्या बैठकीत सांगणारे मी. माझ्या नावानं."

आणि मामाच्या तोंडून निघूनच गेलं, "ही पेरीन रांगत होती तेव्हाच मी हे सिद्ध केलंय."

काका खो खो हसला. "उत्तर ऐकल्यावर सगळेच असं म्हणतात रे! दाखव की. खरं निघालं तर उद्या मीच उभा राहून सांगीन, हे आन्सेल्मचं, मी नुसता पत्रा कापणारा. पण तिथं सिद्धता मांडावी लागेल हं."

त्या बैठकीत कोण बसतं? तिफेन पाद्री! मामाच्या खुर्चीवर टपून बसलेला. आणि ही सिद्धता म्हणजे मामाची ती राखेतली युक्तीच; दारावरची गणितंही तिनंच सुटतात गं. पाद्र्यानं ती युक्ती एकदा बघितली की संपलंच.

"नाही दाखवत," मामा म्हणाला.

"म्हणजे नाहीये."

"आहे!"

"मग दाखव!"

घाण्याच्या बैलासारखे तिथंच गोल गोल. मग काका माझ्याकडे वळला. "पेरीन, तू खोटं बोलत नाहीस. तुझ्या मामाकडे खरंच काही आहे?"

"तिला काय कळतंय!" मामा ओरडला. आणि मग त्यानं माझं तोंड बघितलं. मला सगळं येतंय, हे त्याला कळलं.

राखेतली ती काठी माझ्या हातात होती. कमान, चाक, मधली ती वाकडी रेघ, सगळं बोटांत आलं होतं. मी मामाकडे बघितलं. त्यानं ना हो म्हटलं, ना नको. मी काय करू गं?

"मला नाही माहीत, काका," मी म्हटलं आणि राख झाडून टाकली.

काकानं मामाच्या पाठीवर थोपटलं. "जाऊ दे रे. वय झालं की होतं असं."

बैठकीत काकासाठी टाळ्या काय, मिठ्या काय! काकानं गमतीत मामाचं बोलणं सांगितलं, तर तिफेननं गावभर केलं की आन्सेल्म दोस्ताचं लाटायला निघाला होता. रविवारी कुणालाच काही सुटलं नाही. खुर्ची राहिली, खोल्या राहिल्या.

आता मामा कडी लावून आत बसतो. मी चुलीपाशी असताना तर येतच नाही. काल फक्त एकदा बोलला, तेही पाठ फिरवून.

"काठी तुझ्या हातात होती ना?"

बस्स, एवढंच. सांग ना कोलेत, तू काय केलं असतंस?