गोजराबाईची टिकली

"पुन्हा हीच? अख्ख्या संस्थेत दुसरी कुणी रडणारी बाई नाही का?"

मागच्या खुर्चीवरची पोरगी शेजारणीशी कुजबुजली, पण ते गोजराबाईच्या थेट कानात शिरलं. तिने पोह्यांचा घास गिळला. राग आला नाही. तिलाही सकाळपासून हेच वाटत होतं, फक्त विचारायचं कुणाला, हा प्रश्न होता.

गंगापूर रोडवरचा हॉल, गार गार. भिंतीवर मोठा कापडी फलक, 'तुमचा आवाज, आमची दिशा'. संस्थेचं काम लोकांपर्यंत कितपत पोचलं ते लोकांच्याच तोंडून ऐकायचं आणि देणगीदारांना अहवाल द्यायचा, म्हणून नाशिकची एक सल्लागार कंपनी नेमली होती. त्यांची मनाली नावाची मॅडम हातात माइक घेऊन सगळ्यांशी गोड हसत होती.

संस्थेचे शामसुंदर सर वाकून म्हणाले, "मावशी, पोहे झाले? आज थोडक्यात हं. गाडी नव्हती, रस्ता वाईट, लेक गेली. आणि ते 'पोरीनं आईचं तोंड पाह्यलं नाही' जरा सावकाश म्हणा. मागच्या वेळी तिथे पाहुण्यांना रुमाल काढावे लागले."

"व्हय सर."

"नातीची, दीपमालाची काळजी नको. अकरावीत चांगली चाललीय. वसतिगृह आपलंच आहे."

हे ते दर वेळी सांगायचे. न विचारता.

गोजराबाईच्या पाड्यावर, हरसूलच्या अलीकडे, संस्थेचा दवाखाना होता. सोळा वर्षांपूर्वी तिची लेक ललिता बाळंतपणात अडली त्या सकाळी दवाखान्याच्या फाटकात संस्थेची जीप उभी होती, धुऊनपुसून, पुढे झेंडूची माळ. देणगीदार पाहुण्यांना दिंडोरीचे द्राक्षमळे दाखवायचे होते. "गाडी दोन तासांत परत येते, तोवर कळ काढा," सर म्हणाले. जीप आली ती दिवेलागणीला, मागे द्राक्षांच्या पेट्या घेऊन. तोवर ललिता दीपमालाला जन्म देऊन गेली होती.

तेराव्याला सर स्वतः आले. नात आम्ही शिकवू म्हणाले, आणि कुणी विचारलं तर गाडी नव्हती एवढंच सांगा म्हणाले. गोजराबाईने पाळण्याकडे पाहून मान हलवली. त्या गोष्टीवर संस्थेला दुसरी जीप मिळाली. तिच्या दारावर ललिताचं नाव रंगवलंय. आज पाड्यावरच्या सगळ्यांना घेऊन आली ती तीच. ड्रायव्हरही त्या दिवशीचाच, नाथा. गोजराबाई त्या नावाला टेकून बसायची, दुसरीकडे जागाच नसायची.

पाड्यावर हे कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण दवाखाना संस्थेचा, गोळ्या संस्थेच्या, परत जायची गाडीही संस्थेचीच. दीपमालाला मात्र कुणी सांगितलं नव्हतं. ती वसतिगृहाच्या मुलींबरोबर शेवटच्या रांगेत बसली होती, निळ्या ओढणीत, आईसारखी मान तिरकी करून.

गोजराबाईने आपली गोष्ट सांगितली. सावकाश म्हणायचं ते सावकाश म्हटलं. रुमाल निघाले.

मग मनालीने पांढऱ्या कागदावर तीन चित्रं चिकटवली. वर मोठा प्रश्न, 'ललिताताई का वाचल्या नाहीत?' पहिल्या चित्रात खड्ड्यांचा रस्ता, दुसऱ्यात अंगारा देणारा भगत, तिसऱ्यात कपाळाला हात लावून दारात बसलेले घरचे.

"गाडीचं पण चित्र होतं," ती हसून म्हणाली, "पण सर म्हणाले, तो प्रश्न आता सुटलाय, काढून टाका. तर प्रत्येकाने एक टिकली घ्यायची आणि पटेल त्या चित्रावर लावायची. चूक-बरोबर काही नाही!"

मेनरोडवरून आणलेली टिकल्यांची पाकिटं फिरली. बाया फिदीफिदी हसल्या. मग उठल्या, आणि कागदापुढे जाऊन घुटमळल्या. रस्त्याच्या चित्रासमोर सरपंच बसले होते, मांडीवर मांडी टाकून. भगताच्या चित्रासमोर भगताची सून. उरलं घर. घराच्या बाजूने कोण बसलं होतं? एक गोजराबाई.

एकेक टिकली तिकडे जाऊन बसली. लाल, मरून, खड्याची. धुण्याला रोज बरोबर असणाऱ्या ठमाबाईने लावली आणि गोजराबाईकडे न बघता खुर्ची गाठली.

"बघा, केवढं एकमत!" मनालीचा आवाज आनंदाने चढला. तिने खाली ठळक अक्षरांत लिहिलं आणि वाचूनही दाखवलं, "घरच्यांनी निर्णय घ्यायला उशीर केला. ही फार मोलाची गोष्ट कळली आपल्याला. आजी, तुमची टिकली राहिली."

गोजराबाईच्या बोटावर टिकली चिकटून होती. ती उठली नाही.

"लावा हो मावशी," सर समजुतीने म्हणाले. "मनाला लावून घेऊ नका. अज्ञान होतं तेव्हा. तुमचा काय दोष?"

दारात उभा नाथा चपलेने फरशीवरचा नसलेला डाग पुसायला लागला.

शेवटच्या रांगेतली निळी ओढणी पुढे आली. दीपमालाने कागद पाहिला. त्या टिकल्यांखालचं घर पाहिलं. मग आजीजवळ येऊन हळू विचारलं, पण माइक जवळच होता, सगळ्यांना ऐकू गेलं.

"आजे, तू थांबलीस का गं? आई ओरडत असंल ना?"

सर घाईने म्हणाले, "दीपमाला, जागेवर बस बेटा. वसतिगृहाच्या मुलींना शिस्त..."

गोजराबाईने सरांकडे पाहिलं. वसतिगृह. पुस्तकं. पोरीचे धुतलेले, वेणी घातलेले केस. सगळं एकदा नीट पाहून घेतलं, घर सोडताना पाहावं तसं. मग नातीचा हात धरला.

"म्या नाय थांबले," ती म्हणाली. "गाडी व्हती. हार घालून उभी व्हती. सरांचे पाव्हणे द्राक्षं बघाया चालले व्हते. म्या चाकाम्होरं आडवी पडले, तर सर म्हणले, हिला बाजूला घ्या. ह्या नाथानं उचलून ठेवलं मला, आन् गाडी गेली."