विहारातली सुनावणी

रविवारी सकाळी वैष्णवीने पोह्यांत दोनदा मीठ घातलं, तरी घरात कुणी चकार शब्द काढला नाही. सासूबाईंनी, म्हणजे भिमाबाईंनी, निमूट खाल्ले. लेक मनाली घासागणिक पाणी पीत राहिली. नवऱ्याने, महेंद्रने, तर ताटलीकडे धड बघितलंसुद्धा नाही. वैष्णवीची पाचावर धारण बसली होती. का बसू नये? थोड्या वेळाने विहारात सगळ्या बुवापाड्यासमोर उभं राहून तिला सांगायचं होतं, की वस्तीमागच्या नाल्यात केमिकलचं पाणी कुणी सोडतं की नाही. आणि सोडणारा माणूस तिच्या समोर बसून पोहे चिवडत होता.

ही भानगड तिच्या अंगावर आली कशी, तेही ऐका. देशाने शाश्वत विकासाचं धोरण ठरवलं. धोरण झकास हो, नाव ठेवायला जागा नाही. स्वच्छ पाणी, स्वच्छ हवा, पोराबाळांचं आरोग्य, सगळं त्यात. पण असली धोरणं वरून खाली येता येता वाटेतच कुठल्यातरी एसी हॉलमध्ये चहा-समोसा खायला थांबतात आणि तिथेच झोपी जातात. बुवापाड्यापर्यंत यायचं ते फक्त बॅनर. या खेपेला मात्र ते धोरण राबवायला नेमलेल्या सरस्वती मॅडम स्वतः आल्या, आणि आल्या त्या हट्टालाच पेटून. वस्तीबद्दल जे वर कळवायचं ते आधी वस्तीत बसून बोलायचं, वस्ती ‘हो’ म्हणाली तरच ते पुढे जाणार, असा त्यांनी नियम घातला. शिवाय एकेका कामावर लक्ष ठेवायला वस्तीतलंच माणूस नेमलं. नळाला चंदू प्लंबर, नाल्याला वैष्णवी. तिला तर बचत गटाच्या बायांनीच पुढे ढकललं. “आपली वैष्णवी खणखणीत बोलते, कुणाच्या बापाला घाबरत नाही!” आता बोल म्हणावं.

त्यातच एका संध्याकाळी ओट्यावर बसल्या बसल्या भिमाबाईंना नाल्याच्या वासाने घेरी आली. उल्हासनगरच्या दवाखान्यात नाकाला नळी लावून ठेवावं लागलं. म्हातारी वाचली, पण छातीत खोकला कायमचा राहायला आला. मग वैष्णवीने चंगच बांधला. एमआयडीसीची शिफ्ट सुटते तेव्हा रस्त्यावर रिक्षांची ही झुंबड असते, हत्ती गेला तरी कुणाला कळायचं नाही. केमिकलचा टँकर नेमका त्याच वेळी येऊन रिकामा होतो, हे तिने हेरलं आणि मोबाइल घेऊन नाल्याच्या कठड्याआड उभी राहिली. टँकर आला. कुणीतरी उतरून जाडजूड पाइप नाल्यात सोडला. वैष्णवी फोटो काढायला पुढे झाली आणि मोबाइल तसाच खाली आला. पाइप महेंद्रच्या हातात होता. केबिनमध्ये टँकरचा मालक, ठेकेदार उन्मेष, गुटखा चघळत बसला होता. दोघांनीही तिला पाहिलं.

महेंद्र टँकर चालवतो, हे तिला ठाऊक होतं. पण तो पिण्याच्या पाण्याचा, सोनिवलीच्या नव्या इमारतींना पाणी पोचवणारा. निदान घरी तरी त्याने तसंच सांगितलं होतं.

त्या दिवशी घरी आल्यावर महेंद्र मोरीत कितीतरी वेळ हातपाय धूत राहिला. बाहेर आला तो दबक्या आवाजात म्हणाला, “उन्मेषभाऊ बोलला होता, नुसतं धुतलेलं पाणी आहे, काही होत नाही. दोन महिने झाले, एमआयडीसीची ड्युटी लावलीय. नाही म्हटलं असतं तर घरी बसवलं असतं.”

“काही होत नाही? अहो, आईंना काय झालं मग?”

त्याच्या तोंडाचं पाणी पळालं. “हळू बोल. आईला कळलं तर मरेल ती.” मग भिंतीकडे तोंड करून म्हणाला, “तू बोललीस तर आत मी जाईन, वैष्णवी. अशा केसमध्ये मालकाचं नाव येत नाही. ड्रायव्हरचं येतं.”

इकडे आड, तिकडे विहीर. त्यात शनिवारी उन्मेष स्वतः दारात हजर! बदलापूरहून मिठाईचा बॉक्स घेऊन. भिमाबाईंच्या पाया पडला, तब्येतीची चौकशी केली. मनालीच्या डोक्यावरून हात फिरवत हसून विचारलं, “वहिनी, बेबीची शाळा सुटल्यावर न्यायला कोण जातं? एकटीच येते ना? रस्ता खराब आहे हो तिकडचा.” एवढंच. आवाज साखरेत घोळलेला. तो गेल्यावर वैष्णवीने तो बॉक्स न उघडताच कचऱ्यात टाकला आणि दाराला आतून कडी घातली. भरदुपारी.

विहार खच्चून भरला होता. मनाली पुढच्या सतरंजीवर मुलींत बसली, भिमाबाई तिच्यामागे भिंतीला टेकून. दाराशी उन्मेष हात जोडून उभा, जसा काही दान द्यायला आलाय! वैष्णवीला एकदम वाटलं, मनालीचा हात धरावा आणि सरळ माहेर गाठावं. पण पाय जागचे हलले नाहीत.

सरस्वती मॅडम बोलायला उठल्या तसे धोंडिबा बाबा, वस्तीतले सगळ्यांत वडीलधारे, हात वर करून म्हणाले, “थांबा मॅडम. विहारात वंदनेशिवाय काही सुरू होत नाही. मग नामकरण असो नाहीतर तुमची सुनावणी. महेंद्र, घे रे.”

ही गोष्ट वैष्णवीच्या ध्यानातच आली नव्हती, आणि महेंद्रच्याही नसावी. मिसरूड फुटल्यापासून दर रविवारी पंचशील तोच सांगत आला होता. त्याने ओळ म्हणायची, वस्तीने ती मागून म्हणायची. लहानपणी आईनेच त्याच्याकडून घोकून घेतलं होतं, आणि त्याचा आवाज ऐकून म्हातारीच्या अंगावर अजून मूठभर मांस चढायचं. तो मूर्तीपुढे गेला. हात जोडले. नमन झालं, त्रिशरण झालं, आवाज ठीक होता. मग पंचशीलाची पहिली ओळ आली. कुठल्याही जिवाला इजा करणार नाही, अशी शपथ घ्यायची ती ओळ.

“पाणातिपाता…” महेंद्र म्हणाला आणि थांबला.

लोक वाट बघत राहिले. त्याने पुन्हा तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर आली. मागून भिमाबाई खोकल्या, ती ढास काही केल्या थांबेना. महेंद्रची मान खाली गेली.

“विसरलास काय रे बाळा?” भिमाबाई धापा टाकत म्हणाल्या. चारदोन बाया हसल्या. “पाणातिपाता वेरमणी… म्हण पुढे.”

त्याने मान हलवली. नाही.

वैष्णवीने ओळखलं, आत्ता सगळ्यांना कळणार! उन्मेष दारातून एक पाऊल आत आला होता. काहीतरी करायलाच हवं म्हणून ती उठली, नवऱ्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि ती ओळ तिने म्हटली. वस्ती तिच्यामागून म्हणाली. दुसरी झाली, तिसरी झाली. चौथी ओळ खोटं न बोलण्याची. तीही तिने म्हटली. सगळ्या वस्तीदेखत, विहारात, स्वतःच्या तोंडाने शपथ घेतली होती तिने. आता पळायला वाट उरली नव्हती.

वंदना संपली. सरस्वती मॅडमनी विचारलं, “वैष्णवीताई, नाल्याचं तुम्ही सांगा. बाहेरून कुणी काही सोडतं का?”

उन्मेष मनालीकडे बघून हसला. वैष्णवीने आधी मनालीकडे पाहिलं, मग दाराकडे.

“सांग गं,” मागून भिमाबाई म्हणाल्या. “घाबरतेस कुणाला? नवरा उभा आहे ना शेजारी.”

“येतो,” वैष्णवी म्हणाली. तिचाच आवाज तिला ओळखू येईना. “टँकर येतो. शिफ्ट सुटताना. मी डोळ्यांनी बघितलाय.”

एकच गलका उडाला. मॅडमनी हात वर केला. “चालवतो कोण?”

एवढ्या पुढचा विचार तिने केलाच नव्हता. ती महेंद्रकडे बघू शकली नाही, भिमाबाईंकडे तर नाहीच नाही.

“मी चालवतो,” महेंद्र म्हणाला. “उन्मेषभाऊंच्या सांगण्यावरून. ते केबिनमध्ये बसलेले असतात.”

भिमाबाई भिंतीचा आधार घेत उठल्या. “मी पडले त्या दिवशी?”

“त्या दिवशी पण मीच होतो, आई. तू ओट्यावर दिसत होतीस मला.” तो आईकडे वळला. “मी पाइप बंद नाही केला.”

उन्मेष दाराबाहेर जाऊन मोबाइलवर भराभर काही बोलायला लागला होता. सरस्वती मॅडमचाही चेहरा उतरला होता, पण आवाज ठाम होता. “हे नुसत्या नवराबायकोच्या नावावर वर गेलं तर उद्या दोघांनाही चिरडतील. वस्तीच्या नावावर जाऊ दे. हे कुणी कुणी ऐकलं? हात वर करा.”

कुणी हलेना. जो तो दाराकडे बघत होता. मग चंदूचा हात वर गेला, धोंडिबा बाबांचा गेला, बचत गटाच्या बायांचे एकामागून एक गेले. वैष्णवीने मनालीला ओढून पोटाशी घट्ट धरलं. बाहेर दोन मोटारसायकली येऊन थांबल्याचा आवाज आला, तसे वर गेलेले दोनचार हात पुन्हा खाली आले.

भिमाबाई पोरासमोर येऊन उभ्या राहिल्या. मारतील असंच वाटलं सगळ्यांना. त्यांनी एका हाताने त्याच्या शर्टाची बाही मुठीत आवळली आणि दुसरा हात सगळ्यांच्या वर नेला.

“मी ऐकलं,” त्या म्हणाल्या. “माझा मुलगा आहे. लिहा माझं नाव.”