हॅनिगनचे नऊ चेंडू

प्रल्हाद देवपुजारीच्या हातून आयुष्यात एकच मोठी चूक झाली आणि ती त्याने चक्क दगडावर कोरून घेतली.

नागपूरला कॉलेजात तो क्रिकेटच्या सामन्यांचा स्कोअरर होता. स्वतःला खेळता यायचं नाही, पण त्याच्या वहीत एका धावेची चूक कधी निघाली नाही. ही गोष्ट तो दहा मिनिटांच्या ओळखीत कुणालाही सांगून टाकायचा. शिकागोला आल्यावर त्याने डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागच्या गल्लीत बिऱ्हाड थाटलं आणि एका विमा कंपनीत नोकरी धरली. एकाच ग्राहकाचं नाव दोनदा नोंदलं गेलं असेल, तर कॉम्प्युटरवर त्या दोन नोंदींची एक करायची, हे त्याचं काम. त्यात तो वाकबगार होता.

२००४ साली जुन्या बेसबॉलचा नाद असलेल्या एका मंडळाने त्याला गाठलं. टॉम हॅनिगन नावाचा एक पिचर, पगार घेऊन चेंडू टाकणाऱ्या पहिल्यावहिल्या लोकांतला, शहराच्या उत्तरेकडच्या दफनभूमीत ऐंशी वर्षं बिननावाच्या कबरीत पडून होता. मंडळ तिथे दगड बसवणार होतं. हॅनिगनने सामने किती जिंकले, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. प्रल्हादने ते काम अंगावर घेतलं. पाच महिने दर शनिवारी लायब्ररीत मायक्रोफिल्मवर तो सव्वाशे वर्षांपूर्वीची वर्तमानपत्रं वाचत बसला. त्या काळच्या धावफलकात नुसतं आडनाव छापत. जिथे हॅनिगन दिसला, तिथे प्रल्हादने उचलला. एकदा तर एकाच दिवशी हॅनिगन शिकागोतही खेळला आणि मिलवॉकीतही. छापणाऱ्याचीच चूक असणार, असं ठरवून पठ्ठ्याने तारीख एका दिवसाने पुढे ढकलली. बेरीज आली एकसष्ट.

हॅनिगनची नात मार्गारेटबाई अजून होती, एकोणनव्वद वर्षांची. ती फोनवर म्हणाली, "आजोबा तर नऊ म्हणायचे."

प्रल्हाद हसला होता. "माणसाच्या आठवणीचं काही खरं नसतं, मॅडम. रेकॉर्ड खोटं बोलत नाही," असं त्याने तिला वर समजावलं होतं.

समारंभ शनिवारी होता. आधीच्या मंगळवारी, भाषणात सांगायला एखादा किस्सा मिळतो का बघावं म्हणून तो पुन्हा लायब्ररीत गेला. १८८१ सालच्या एका अंकात कोपऱ्यात चार ओळी होत्या. काल दोन हॅनिगन एकमेकांविरुद्ध खेळले, एक आपला आणि एक मिलवॉकीचा, दोघांचं नातं काही नाही. प्रल्हादने त्या चार ओळी पुन्हा वाचल्या. घरी येऊन त्याने सगळी बेरीज नव्याने मांडली. मिलवॉकीवाल्याचे बावन्न, आणि आपल्या हॅनिगनचे नऊ.

"अहो, मग आत्ताच फोन करा ना कमिटीला," त्याची बायको शोभना म्हणाली.

"दगड कोरून झालाय. इन्व्हिटेशन्स गेलीत. आता कसं कॅन्सल करणार?"

"आणि त्या आजींना तरी?"

"कुणाला कळणार आहे यार, इतक्या जुन्या गोष्टीतलं!"

तो म्हणाला खरा, पण ताटातली पोळी तशीच राहिली. चुका काय, कुणाच्याही होतात. पण आपली वही बिनचूक म्हणून जन्मभर मिरवलं, ती ऐट जाईल म्हणून आपण तोंड शिवून बसलोय, हे त्याचं त्याला कळत होतं आणि मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. चार दिवस तो फोनकडे बघायचा आणि नजर फिरवायचा.

शनिवारी तीसेक माणसं जमली. कापड दूर झालं. दगडावर नाव होतं आणि खाली ठसठशीत '६१ विजय'. टाळ्या पडल्या, अध्यक्षांनी प्रल्हादचा हात हातात घेतला. मार्गारेटबाई व्हीलचेअरवर होती, मांडीवर पत्र्याचा डबा. तिने प्रल्हादला जवळ बोलावून झाकण उघडलं. आत तपकिरी पडलेले चेंडू होते.

"सामना जिंकला की आजोबा त्याचा चेंडू मागून घ्यायचे, वर शाईने तारीख घालायचे. हे नऊच आहेत. तुमचा आकडा ऐकल्यापासून माझा पुतण्या म्हणतो, बाकीचे बावन्न म्हाताऱ्याने विकून दारू प्यायली असणार. ते दारूला कधी शिवले नाहीत, असं मी आयुष्यभर सांगत आले. आता माझंच मला खरं वाटेना."

सगळे बघत होते. प्रल्हाद खुर्चीशेजारी गुडघ्यांवर बसला.

"त्यांनी काही विकलं नाही," तो म्हणाला. "बाकीचे चेंडू नव्हतेच. ते बावन्न विजय दुसऱ्याच हॅनिगनचे आहेत. चूक माझी आहे. मला मंगळवारी कळलं, आणि मी गप्प बसलो."

बाई रागावली असती तर बरं झालं असतं.

"मी तुम्हाला फोनवर नऊच सांगितले होते," ती म्हणाली. मग तिने डबा त्याच्या हातात दिला. "मोजा. मोठ्याने मोजा, सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

नागपूरचा बिनचूक स्कोअरर गवतावर बसला आणि त्या एकसष्टच्या पायथ्याशी एकेक चेंडू मांडत मोजू लागला. आठापर्यंत कसाबसा पोचला. शेवटचा चेंडू हातात घेऊन त्यावरची तारीख वाचत तो थांबला.

"पुढे?" बाईने विचारलं.

"नऊ," प्रल्हाद म्हणाला. "संपले."